माकडताप म्हणजे काय? जंगलातला हा व्हायरस शास्त्रज्ञ शोधतात तरी कसा?

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आम्ही चार मित्र कोल्हापूरहून बाइकवर तिलारीला गेलो होतो. गडहिंग्लज, चंदगड, तिलारी घाट आणि खाली दोडामार्ग. हा रूट कोल्हापूरच्या पोरांना वेगळा सांगायला नको. मुक्काम एका मित्राच्या मामांकडे होता. त्यांची काजूची बाग आहे. सकाळी आम्ही शॉर्ट्स घालून बागेकडे निघालो, तर मामींनी दारातच अडवलं. "हाफ पँट घालून रानात जाव नको हां!"

आम्ही हसलो. मामी हसल्या नाहीत.

मग मामांनी सांगितलं. काही वर्षांपूर्वी काजूच्या सीझनमध्येच मामींना अचानक ताप भरला. डोकं फुटेल असं दुखणं, अंग मोडून येणं. एका खासगी दवाखान्यात व्हायरल म्हणून गोळ्या दिल्या. ताप उतरेना म्हणून सरकारी दवाखान्यात नेलं, तिथे रक्त घेऊन तपासणीला पाठवलं. रिपोर्ट यायला चार दिवस लागले. रिपोर्ट होता माकडतापाचा. मामी वाचल्या, पण पुढचे कित्येक दिवस त्यांना पाण्याची कळशी उचलवत नव्हती. मामांचं एक वाक्य माझ्या डोक्यात राहिलं: त्या चार दिवसांत नक्की कशाशी लढतोय हेच आम्हाला माहीत नव्हतं.

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण रिपोर्टला चार दिवस का लागतात, हा मला सरळ सिस्टीमचा प्रश्न वाटला. घरी आल्यावर यावरचे रिसर्च पेपर वाचत बसलो. त्यातून जे समजलं ते इथे सोप्या भाषेत मांडतोय.

थोडक्यात माहिती

- आजाराचं नाव: क्यासानूर फॉरेस्ट डिसीज, म्हणजेच केएफडी. आपल्याकडे माकडताप म्हणतात.
- कशामुळे: एका आरएनए व्हायरसमुळे. डेंग्यू आणि झिकाचे व्हायरस याच कुटुंबातले.
- कसा पसरतो: मुख्यतः गोचीड चावल्यामुळे. माणसाकडून माणसाला पसरत नाही.
- सीझन: साधारण नोव्हेंबर-डिसेंबर ते मे.
- लक्षणं: गोचीड चावल्यावर ३ ते ८ दिवसांनी एकदम ताप, तीव्र डोकेदुखी, अंगदुखी. काही जणांना उलट्या आणि रक्तस्राव. १० ते २० टक्के रुग्णांमध्ये बरं वाटल्यावर पुन्हा ताप येतो आणि मेंदूशी संबंधित त्रास दिसतो.
- धोका: १०० रुग्णांमागे साधारण ३ ते ५ जण दगावतात.
- उपचार: व्हायरस मारणारं खास औषध अजून नाही. वेळेवर दवाखान्यात दाखल होणं, सलाइन आणि रक्तस्रावावर लक्ष, यानेच जीव वाचतो.

सुरुवात: १९५७ मधली मेलेली माकडं

मार्च १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासानूर नावाच्या जंगलात माकडं मरून पडू लागली. आसपासच्या गावांत माणसंही तापाने आजारी पडत होती. माकडं आणि माणसं एकाच वेळी म्हटल्यावर शास्त्रज्ञांना पहिली शंका आली यलो फीव्हरची. तो आजार आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत माकडांमध्ये असतो आणि भारतात कधीच आलेला नव्हता. आला असता तर मोठं संकट होतं.

तपास केला पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने. ही संस्था १९५२ मध्ये सुरू झाली होती. आज तिला आपण राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही, म्हणून ओळखतो. (कोविडमध्ये रोज बातम्यांत असायची, तीच.) त्यांनी माकडांमधून आणि माणसांमधून व्हायरस वेगळा केला. तो यलो फीव्हरचा नव्हता. त्याचे जवळचे नातेवाईक निघाले थेट रशियातले, तिथेही गोचिडींमधूनच पसरणारे. म्हणजे विज्ञानासाठी हा पूर्णपणे नवा व्हायरस होता.

व्हायरस फिरतो कसा?

नाव माकडताप असलं तरी खरा वाहक आहे गोचीड. त्यातही हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा ही जंगली जात मुख्य. तिचं आयुष्य तीन टप्प्यांचं असतं आणि प्रत्येक टप्प्यावर ती वेगळ्या प्राण्याचं रक्त पिते:

१. लार्व्हा: अंड्यातून बाहेर आलेलं अगदी बारीक पिल्लू. उंदीर, खारी, पक्षी, माकडं यांच्यावर जगतं.
२. निम्फ: मधला टप्पा. आकार खसखशीच्या दाण्याएवढा. माणसाला चावणारा मुख्यतः हाच. हिवाळा-उन्हाळ्यात निम्फ जास्त असतात, म्हणून आजाराचा सीझनही तोच.
३. मोठी गोचीड: जास्त करून गाई-म्हशींवर आणि रानातल्या मोठ्या जनावरांवर.

आता माकडाचा रोल बघा. वानर किंवा लाल तोंडाचं माकड आजारी पडलं की त्याच्या रक्तात व्हायरस प्रचंड वाढतो. त्याचं रक्त पिणाऱ्या गोचिडी व्हायरस घेऊन जातात. माकड मेलं की अंग थंड पडतं आणि गोचिडी ते सोडून आसपासच्या पाचोळ्यात पसरतात. म्हणजे जिथे माकड मरून पडलं, तो जमिनीचा तुकडा पुढे बरेच दिवस हॉटस्पॉट बनतो. (आपल्या फोनच्या हॉटस्पॉटसारखाच, फक्त पासवर्ड नसलेला.)

काजू गोळा करताना माणूस नेमका त्याच पाचोळ्यात वाकून, बसून काम करतो. सीझनही तोच. गोव्यातल्या काजू कामगारांवर झालेल्या अभ्यासातही हा धोका दिसून आला आहे.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. माकड इथे गुन्हेगार नाही, आपल्यासारखाच बळी आहे. उलट ते आपल्या आधी आजारी पडतं, म्हणून त्याचा मृत्यू हा आपल्यासाठी अलर्ट असतो.

शिमोग्याहून सिंधुदुर्गात कसा आला?

पन्नासहून जास्त वर्षं हा आजार फक्त कर्नाटकातल्या काही जिल्ह्यांचा मानला जायचा. मग एकामागून एक नवी ठिकाणं दिसू लागली. २०१२ च्या अखेरीस बंदीपूरच्या जंगलात मेलेली माकडं हाताळणाऱ्यांमध्ये आजार सापडला. मग केरळ आणि तमिळनाडू. २०१५ मध्ये गोव्यातला सत्तरी तालुका. २०१६ च्या सुरुवातीला सिंधुदुर्गातला दोडामार्ग आणि पुढच्या वर्षी बांदा परिसर.

नकाशावर हे सगळे ठिपके जोडले तर सह्याद्रीची रांग तयार होते. आपला चंदगड तालुका दोडामार्गला लागूनच आहे. घाट उतरला की आपण त्याच जंगलात असतो. म्हणून हा विषय फक्त कोकणातल्या लोकांचा नाही.

रक्तातला व्हायरस ओळखतात कसा?

कोविडमुळे आरटीपीसीआर हा शब्द घराघरात पोचला. माकडतापातही तीच टेस्ट वापरतात.

समजा तुमच्याकडे लाखो पानांची पीडीएफ आहे आणि त्यात एकच ओळ शोधायची आहे. तुम्ही सर्च बॉक्समध्ये कीवर्ड टाकाल. पीसीआरमध्ये हा कीवर्ड म्हणजे प्रायमर. तो डीएनएचा छोटासा तुकडा असतो, जो फक्त या व्हायरसच्या ठरावीक भागालाच चिकटतो. आधी व्हायरसचा आरएनए डीएनएमध्ये बदलून घेतात. मग प्रायमर चिकटला की त्या भागाची कॉपी तयार होते. एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. ३० वेळा दुप्पट झालं की एका कॉपीच्या साधारण १०७ कोटी कॉपी होतात. कॉपीबरोबर चमकही वाढते आणि मशीन ती मोजतं. कितव्या सायकलला चमक दिसली, तो आकडा म्हणजे सीटी व्हॅल्यू. आकडा कमी म्हणजे व्हायरस जास्त.

पण वेळ महत्त्वाची. पीसीआर आजाराच्या पहिल्या काही दिवसांत चांगली चालते, कारण तेव्हा रक्तात व्हायरस असतो. नंतर शरीर अँटीबॉडी तयार करतं आणि व्हायरस कमी होतो. तेव्हा एलिसा टेस्टने अँटीबॉडी शोधतात. उशिरा गेलात आणि चुकीची टेस्ट झाली, तर आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.

मग चार दिवस का लागतात?

हा माझा मूळ प्रश्न. टेस्ट स्वतः काही तासांची असते. वेळ जातो तो बाकीच्या गोष्टींत. डॉक्टरला शंका यायला हवी, रक्त घ्यायला हवं, थंड ठेवायला हवं (आरएनए लवकर खराब होतो), तीन थरांच्या पॅकिंगमध्ये शेकडो किलोमीटर पाठवायला हवं. शिवाय असा व्हायरस कुठल्याही लॅबमध्ये हाताळता येत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर फास्ट आहे, नेटवर्क स्लो आहे.

म्हणून सध्याच्या संशोधनाचा एक मोठा भाग लॅबच रुग्णाजवळ नेण्याचा आहे. दोन उदाहरणं देतो.

पहिलं, ट्रूनॅट. गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं हे मशीन. छोटं, बॅटरीवर चालणारं आणि चिपवर पीसीआर करणारं. टीबी आणि कोविडसाठी ते देशभर वापरलं गेलं. यावर चालणारी माकडतापाची टेस्ट एनआयव्हीच्या शास्त्रज्ञांनी तपासून पाहिली आणि २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साधारण तासाभरात निकाल. माणसाबरोबरच माकड आणि गोचिडींच्या नमुन्यांसाठीही ती वापरता येते.

दुसरं, चाकांवरची लॅब. बसच्या सांगाड्यावर बसवलेली आयसीएमआरची बीएसएल-३ मोबाइल लॅब फेब्रुवारी २०२२ मध्ये नाशिकमध्ये सुरू झाली. बीएसएल-३ म्हणजे धोकादायक जंतू हाताळण्याची वरच्या पातळीची सुरक्षा. २०२३ मध्ये केरळातल्या कोळिकोडला निपाहची साथ आली, तेव्हा अशी लॅब थेट तिथे पाठवली होती.

व्हायरसचा सोर्स कोड

आता माझा सगळ्यात आवडता भाग. माकडतापाच्या व्हायरसचा पूर्ण जीनोम साधारण १०,८०० अक्षरांचा आहे. टेक्स्ट फाइल म्हणून सेव्ह केला तर ११ केबीच्या आसपास. तुम्ही सकाळी पाठवलेला गुड मॉर्निंगचा फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो!

व्हायरस स्वतःची कॉपी करताना चुका करतो. एखादा मेसेज हाताने टाइप करून पुढे पुढे पाठवला, तर प्रत्येक जण एखादी टायपिंगची चूक करेल. मग दोन मेसेज शेजारी ठेवून, कुठल्या चुका सारख्या आहेत हे बघून, कुणी कुणाकडून कॉपी केलं ते ओळखता येईल. शास्त्रज्ञ जीनोमचं हेच करतात. चुका साधारण कुठल्या वेगाने होतात हे माहीत असेल, तर दोन शाखा कधी वेगळ्या झाल्या याचाही अंदाज बांधता येतो.

एनआयव्हीच्या डॉ. प्रज्ञा यादव आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये असा अभ्यास प्रसिद्ध केला. १९५७ ते २०१७ या साठ वर्षांतले ४८ पूर्ण जीनोम त्यांनी तुलनेसाठी वापरले. त्यातून दिसलं ते असं:

- २००६ ते २०१७ मधले व्हायरस १९५७ ते १९७२ मधल्या व्हायरसपेक्षा सुमारे २.७६ टक्क्यांनी वेगळे आहेत. म्हणजे जवळपास ३०० अक्षरं बदलली.
- ही नवी शाखा १९८० च्या आसपास वेगळी झाली.
- व्हायरस कर्नाटकातून गोवा आणि महाराष्ट्रात आल्याचं दिसतं.
- साधारण २०१३ पासून महाराष्ट्र हा पुढच्या प्रसाराचा एक नवा स्रोत बनला.

शेवटचा मुद्दा पुन्हा वाचा. दोडामार्गची साथ लक्षात आली २०१६ मध्ये. जीनोम सांगतोय की व्हायरस त्याच्या आधीच इथे हालचाल करत होता. आपल्याला नोटिफिकेशन तीन वर्षं उशिरा आलं.

सॅटेलाइटवरून धोक्याचा नकाशा

पुढचा साथीचा पट्टा आधीच ओळखता येईल का? ब्रिटन आणि भारतातल्या संस्थांनी मिळून शिमोगा भागातल्या २०१४ ते २०१८ च्या रुग्णांची ठिकाणं घेतली आणि ती जंगल, बागा, गुरं यांच्या माहितीशी जोडली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात धोका जास्त दिसला तो सदाहरित जंगल आणि बागायत एकमेकांत मिसळलेल्या, देशी गुरं जास्त असलेल्या भागांत.

म्हणजे घनदाट जंगलापेक्षा जंगलाची कड महत्त्वाची. जिथे आपण झाडं काढून बाग लावतो, गुरं रानात सोडतो, सरपण आणतो. दोडामार्गच्या काजू आणि रबराच्या बागा आठवा, चित्र जुळतं.

या विचाराला वन हेल्थ म्हणतात: माणूस, जनावर आणि निसर्ग यांचं आरोग्य एकाच डॅशबोर्डवर बघायचं. नागपूरला राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ ला झाली, ती याचसाठी.

लस आहे का?

होती. कर्नाटकात १९९० पासून एक लस दिली जायची. तिथल्या २००५ ते २०१० च्या माहितीवरून दिसलं की एका डोसचा उपयोग होत नाही, दोन डोसनंतर संरक्षण सुमारे ६२ टक्के आणि बूस्टरनंतर ८३ टक्के. बूस्टर पुन्हा पुन्हा घ्यावा लागायचा आणि इंजेक्शन खूप दुखायचं, त्यामुळे लोक टाळायचे. २०२२ मध्ये तिचा वापर थांबला. आता आयसीएमआर आणि हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स मिळून नवी लस तयार करत आहेत. तोपर्यंत स्वतःची काळजी हाच उपाय.

तुमच्या हातात फोन आहे. काय कराल?

जाण्याआधी: फुल पँट, पायमोजे, पँटचे पाय मोज्यात खोचलेले. आरोग्य खात्याकडून मिळणारं डीएमपी तेल उघड्या अंगाला लावा. पाचोळ्यावर थेट बसू नका.

आल्यावर: कपडे गरम पाण्यात टाका, आंघोळ करा आणि फोनचा टॉर्च लावून अंग तपासा. गुडघ्यामागे, काखेत, कंबरेला, कानामागे.

गोचीड दिसली तर: बारीक चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरा आणि सरळ, सावकाश ओढा. मग साबणाने धुवा. रॉकेल, उदबत्तीचा चटका, नेलपॉलिश यांपैकी काहीही नको. नखांनी चिरडू नका. (तिलारीहून परतल्यावर माझ्या घोट्यालाही एक निघाली. मित्राने लायटर पेटवलाच होता, "भावा, हलू नको!" म्हणत. नशीब, मी हललो.)

मेलेलं किंवा आजारी माकड दिसलं तर: जवळ जाऊ नका, हात लावू नका, कुत्र्यालाही जाऊ देऊ नका. लांबूनच फोटो काढा, मॅपवर पिन टाकून लोकेशन सेव्ह करा आणि वन विभागाच्या १९२६ या टोल फ्री नंबरवर किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवा. फोन आधी, स्टेटस नंतर. पथक येऊन नमुने घेतं आणि त्या जागेवर गोचिडी मारणारी पावडर टाकतं.

ताप आला तर: डॉक्टरांना स्वतःहून सांगा की रानात गेलो होतो. तारीख आठवत नसेल तर फोनची गॅलरी उघडा, फोटोवर तारीख आणि ठिकाण असतं. ३ ते ८ दिवसांचा हिशेब लगेच जुळतो. मनाने पेनकिलर घेऊ नका, त्यातल्या काहींनी रक्तस्राव वाढू शकतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*माकडं मारली तर आजार थांबेल का?*
नाही. मेलेल्या माकडावरच्या गोचिडी जमिनीवर पसरतात, धोका वाढतो. शिवाय तो कायद्याने गुन्हा आहे. असे फॉरवर्ड आले तर तिथेच थांबवा.

*रुग्णाच्या शेजारी बसल्याने होतो का?*
नाही. माणसाकडून माणसाला पसरत नाही. रुग्णाला वाळीत टाकू नका.

*गाईच्या अंगावरच्या गोचिडीचं काय?*
गाय या आजाराने आजारी पडत नाही, पण रानातल्या गोचिडींना रक्त आणि वाहतूक दोन्ही पुरवते. रानातून आलेल्या जनावरांच्या गोचिडींसाठी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

*मग तिलारी, आंबोलीला जायचंच नाही का?*
जा की! फक्त शॉर्ट्स रूमवर ठेवा.

हे सगळं वाचून झाल्यावर मी मामांना फोन केला आणि चार दिवसांमागचं कारण समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, मामी आजारी पडायच्या आठवडाभर आधी बागेच्या वरच्या अंगाला एक वानर मरून पडलं होतं. सगळ्या वाडीने बघितलं होतं. कुणाला सांगायचं असतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

पीसीआर, जीनोम, सॅटेलाइट सगळं तयार आहे. त्या सगळ्याची सुरुवात होते ती कुणीतरी केलेल्या एका फोनने. १९२६ नंबर आत्ताच सेव्ह करून ठेवा आणि कोकणात शेतीवाडी असलेल्या तुमच्या नातेवाइकांनाही पाठवा.